मुलासाठी आखलेलं अंगण

आर्किटेक्टबाई घराचा नकाशा काढायला आल्या तेव्हा मी त्यांना स्वयंपाकघराबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हटलं, "आधी अंगण काढा. घर उरलेल्या जागेत बसवा." त्या हसल्या. मी हसत नाहीये हे लक्षात आल्यावर त्यांनी पेन उचललं.

आमचा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याला ऑटिझम आहे, तो बोलत नाही. डोंबिवलीच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो दिवसभर हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टाचा आपटत पळायचा, आणि काही असह्य झालं की एक लांब, चिरका आवाज काढायचा. खालच्या मजल्यावरच्या काकांना हार्टचा त्रास. माणूस वाईट नव्हता. बरीच वर्षं त्यांनी सोसलं, मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "वहिनी, आम्ही कुठे जायचं, सांगा." आम्ही सतरंज्या अंथरल्या, रबराच्या मॅट अंथरल्या. शेवटी मी त्याला मांडीवर घट्ट दाबून धरायला लागले. तो सुटायला धडपडायचा आणि मी सोडायचे नाही, खाली शांतता राहावी म्हणून.

त्याला थेरपीसाठी ठाण्याला न्यायचे, तिथल्या मॅडम एकदा म्हणाल्या, "याला मोकळी जागा मिळाली ना, तर बराच फरक पडेल." त्या सहज बोलल्या असतील. मी मात्र ते वाक्य घट्ट धरून घरी आले. सासऱ्यांनी कधीकाळी कल्याणच्या पुढे एक प्लॉट घेऊन ठेवला होता. नवरा म्हणाला, "फ्लॅट विकू या. तिथे बांधू." सासूबाईंचं सगळं डोंबिवलीत, मैत्रिणी, देऊळ, भाजीवाली. त्या दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या तुळशीला जागा ठेवा म्हणजे झालं."

आणि मग मी अंगणात बुडून गेले. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कागदावर अंगणच काढत बसायचे. समोर हिरवळ. तिच्याभोवती पळायला गोल वाट, पाय घसरणार नाहीत अशा खरखरीत फरशीची. कोपऱ्यात वाळूचा हौद, झोपाळा, आणि त्याचा हात पोचेल एवढ्या उंचीवर एक नळ, कारण त्याला पाण्याची धार आवडते. तो पानं तोंडात घालतो म्हणून कण्हेर नको, काटे नकोत म्हणून गुलाब नको. गेटची कडी बाहेरून. आर्किटेक्टबाई म्हणाल्या, "तुम्हाला स्वतःला बसायला काहीच नको का? एखादा कट्टा, खुर्च्या?" मी म्हटलं, "तो पळायला लागला की बसेन मी कुठेही."

राहायला गेलो त्या सकाळी आम्ही तिघं अंगणात उभे राहिलो आणि नवऱ्याने त्याला हाक मारली. तो दारापर्यंत आला. उंबऱ्यावर थांबला, समोर बघितलं, आणि दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडायला लागला. डोंबिवलीत ओरडायचा त्याहून मोठ्याने. थांबेचना. शेवटी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही. मॅडम फोनवर म्हणाल्या, "वेळ द्या." आम्ही वेळ दिला. गवत पायाला टोचत असेल म्हणून नवऱ्याने एका रविवारी सगळी हिरवळ उपटून काढली. एकटाच, घामाघूम होऊन. मग तिथेही फरशी घातली. फरक शून्य. झोपाळ्याची साखळी वाजते म्हणून दोर बांधला, तोही व्यर्थ. आणि घरात तो पळायचाही बंद झाला. सोफ्यामागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसून राहायचा. ज्या टाचांच्या आवाजापायी घर सोडलं, तो आवाज ऐकायला मी कान लावून बसायला लागले.

एका संध्याकाळी माझा धीर सुटला. मी त्याला उचललं, अंगणात नेलं, झोपाळ्यावर बसवलं आणि धरून ठेवलं. "बस रे राजा, एकदाच बस, बघ तरी!" मी काय काय बोलत होते. तो माझ्या दंडाला कडकडून चावला. सासूबाई दारातून ओरडल्या, "अगं सोड त्याला! पुरे आता!" मी सोडलं. तो पळत आत गेला. मी तिथेच फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले, आजूबाजूला कुणी ऐकेल याची पर्वा न करता. देवाने त्याला नाही, मला उचलावं, असं त्या दिवशी खरंच वाटलं.

काही आठवड्यांनी गॅसचा सिलिंडर आला. मागचं दार उघडं राहिलं, आणि तेवढ्यात तो दिसेनासा झाला. गेटला कडी होती, तरी नवरा रस्त्याकडे धावला. मी टाकीचं झाकण पाहिलं, गच्ची पाहिली. सासूबाईंनी हाक मारली, "अगं, इकडे ये. हळू ये."

मागच्या दाराला लागूनच, घराची डावी भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये नियमानुसार सोडलेली एक अरुंद पट्टी आहे. पंप, पाइप, बांधकामातून उरलेल्या फळ्या, असलं सगळं तिथे. तिथे तो चालत होता. दोन्ही हात पसरून, एक तळवा या भिंतीवर, एक त्या भिंतीवर. टोकाला जायचा, वळायचा, परत यायचा. घशातून बारीक गुणगुणत होता, झोप लागण्याआधी गुणगुणतो तसा. मी आत शिरले तसा तो थांबला आणि हात कानांकडे गेले. मी मागे सरले. तो पुन्हा चालायला लागला.

मी आर्किटेक्टबाईंना फोन केला. "त्या पट्टीवर छप्पर घालता येईल का?" त्या म्हणाल्या, "नियमात बसत नाही हो. पण अंगणाचं काय झालं?" मी फोन ठेवला.

आम्ही फळ्या हलवल्या, पाइपांची टोकं गुंडाळली. आता तो रोज तिथेच असतो. मी मागच्या दारात पाट टाकून बसते, पट्टीत पाऊल टाकत नाही. तो जवळ येतो, वळतो, जातो. सुखात आहे असं नवरा म्हणतो. असेल. त्या सुखात मला जागा नाही, एवढं मला कळतं.

समोरचं अंगण रिकामंच होतं. शेजारच्या प्लॉटवरची मुलं गेटाशी घुटमळायची. सासूबाईंनी मला न विचारता एक दिवस त्यांना आत घेतलं. आता संध्याकाळी ती मुलं त्या गोल वाटेवरून धावतात, झोपाळ्यासाठी भांडतात, नळाखाली पाय धुतात. मी समोरच्या खिडकीचा पडदा ओढून घेते.

परवा त्यांचा बॉल भिंतीला आपटून पट्टीत गेला. एक लहान मुलगी मागच्या दाराशी आली. "काकू, बॉल देता?" तिने आत वाकून पाहिलं. "हा तुमचा मुलगा? तो खेळायला का येत नाही?"

"तो इथे खेळतो," मी म्हटलं.

बॉल पट्टीच्या मधोमध पडला होता. तो प्रत्येक खेपेला त्यावरून पाय उचलून टाकत होता आणि गुणगुणत होता. मी आणि ती मुलगी बराच वेळ उभ्या राहिलो.

"उद्या देते हं," मी तिला म्हटलं.