संडासाच्या दारावरची बुरशी

रुपराव भोयर आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायचा. शिक्षण सातवी, तेही मास्तर कंटाळले म्हणून. साहेबांना तो मुळीच भीत नसे. म्हणायचा, "बाटली धुतली की समजते, कोण काम करून राहिलं आन् कोण चहा पिऊन राहिलं."

१९८७ साली कळमेश्वरच्या एका रंगकारखान्याचं जांभळं, उग्र सांडपाणी आमच्या शास्त्रज्ञ डॉ. प्रमोदिनी पांढरीपांडे यांच्याकडे तपासायला आलं. लाकूड कुजवणारी पांढरी बुरशी जे एन्झाइम सोडते, त्याने असले चिवट रंग तुटतात, असं परदेशात नुकतंच कळलं होतं. मॅडमनी खटपटीने तशी बुरशी मागवली. ती पार्सलातच मेली.

रुपराव म्हणाला, "मॅडमजी, लाकूडखाऊ बुरशी पायजे ना? आमच्या संडासाच्या दारावर हाये."

"रुपराव, थट्टा नको."

"थट्टा काहून करू? अर्धं दार खाल्लं तिनं. आत बसलो की मले रस्ता दिसते, आन् रस्त्यालेही मी दिसतो!"

दुसऱ्या दिवशी त्याने फळीचा तुकडा आणलाच. मॅडमनी नाकाला पदर लावून चिमूटभर बुरशी घेतली, निवडून निवडून वाढवली. बारा दिवसांत बाटलीतलं जांभळं पाणी ताकाच्या निवळीसारखं झालं.

कारखान्याच्या टाकीत मात्र इतर जंतूंनी तिला चार दिवसांत चीत केलं. मॅनेजर मनोहरराव हसले, "मॅडम, तुमचा पहिलवान झोपला की!"

"उपाशीपोटी उतरवला म्हणून," रुपराव म्हणाला. त्याने गावाकडून पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या आणल्या. तुकडे करून उकडले, त्यावर बुरशी पोसली आणि एका पिंपात भरली. पिंपातून गाळलेलं पाणी बरंच फिकं निघालं.

"आता प्यायला चालेल का?" मनोहररावांनी विचारलं.

रुपरावने पेला भरला. "पहिले तुम्ही."

मॅडमनी पेला हिसकावला. "रंग गेला म्हणजे विष गेलं, असं नसतं!" ते तपासण्यात त्यांचे पुढचे सहा महिने गेले. विष बरंच उतरलं होतं, सगळं नाही. आणि तसंच त्यांनी लिहिलं.

शोधनिबंधावर रुपरावचं नाव पाहून संचालक भडकले. "बाटल्या धुणारा शास्त्रज्ञांच्या ओळीत?"

"मग माझंही नाव काढा," मॅडम म्हणाल्या. नाव राहिलं.

निबंध छापून आला तेव्हा रुपरावने आपलं नाव शोधलं, बराच वेळ त्यावर बोट ठेवून उभा राहिला. मग थेट संचालकांच्या खोलीत गेला.

"साहेब, तुमचं नाव कुठी हाये? मले दिसून नाही राहिलं."