धाकट्या गौरीची भुवई

मंडळी, ही आजचीच गोष्ट. मी कागदाचा लगदा, शाडू आणि कापड वापरून गौरींचे मुखवटे बनवतो. परक्या घरची ही माझी पहिलीच ऑर्डर. उद्या गौरी येणार, आणि आज बघतो तर धाकटीची डावी भुवई वर गेलेली. खोडायला गेलो तर कपाळाचा रंगही निघेल, म्हणून हात लावायचा धीर होईना.

तेवढ्यात मार्गासनीच्या दोघी जावा मुखवटे न्यायला भोरला आल्याच. मी आधीच सांगून टाकलं, "काकू, दोघी सारख्या झाल्या नाहीत. पसंत नसतील तर राहू द्या."

थोरल्या काकूंनी धाकटीचा मुखवटा उजेडात धरला आणि जावेकडे बघून हसतच सुटल्या. "आगं बया, ही तर तूच की गं! कालवणात मीठ कमी पडलं की आशीच बगतीस."

"बगनारच! लगीन हून आल्यापासनं तुमी मीठ इसरताय."

मी घाबरून ब्रश उचलला. "थांबा, भुवई खाली घेतो."

"हात तर लावून बग!" धाकट्या काकूंनी मुखवटा ओढून घेतला आणि नव्या खणात गुंडाळला. "दोगी सारक्या आसत्या तर एका घरात नांदल्या आसत्या व्हय?"

त्यांना एसटीत बसवायला गेलो. खिडकीतून पाहिलं, तर धाकट्या काकू खण जरासा बाजूला करून मुखवट्याकडे बघत होत्या, आणि स्वतःची भुवई तशीच वर करून पाहत होत्या.

तुमच्या घरच्या गौरी कुणासारख्या दिसतात?