ताट सरळ धर

माझं नाव पुकारलं तेव्हा मी शेवटच्या रांगेत होतो. कतारमध्ये, दोह्याच्या अल थुमामा भागातल्या एका शाळेचा हॉल. आमच्या मराठी मंडळाचा वर्धापनदिन. त्या संध्याकाळी मंडळाची ‘मानाची भिंत’ उघडायची होती. पहिलं नाव कप जिंकलेल्या सॉफ्टबॉल संघातल्या खेळाडूचं लागणार होतं. कोणाचं, ते गुपित होतं.

माझं नाव आलं. उठलो. शर्ट नीट खोचला. स्टेजवर गेलो आणि शाल घालता यावी म्हणून मान जरा वाकवली.

सेक्रेटरींनी माझ्या हातात ताट दिलं. ताटात शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ.

“इथे उभा राहा. ताट सरळ धर.”

मग कॅप्टनचं नाव पुकारलं. टाळ्या. माझ्या हातातल्या ताटातली शाल उचलून त्याच्या खांद्यावर घातली. माझी वाकलेली मान पहिल्या रांगेतल्या एका वहिनींनी पाहिली होती. त्या तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

हे सगळं फोनवर लाइव्ह दिसत होतं. गावाकडे माझे वडील बघत होते. मीच सांगून ठेवलं होतं, “आबा, आज बघाच.”

आबा शाळेत शिपाई होते. मी शिकलो त्याच शाळेत. पाहुण्यांचा सत्कार असला की ताट धरून आबा उभे. भाषणं लांबायची. आबांचे हात भरून यायचे. मी खाली पोरांत मांडी घालून बसलेला, मला ते दिसायचं. घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो, तो ते ताट माझ्या हातात येऊ नये म्हणून.

आणि ते आलं. विमानात बसून इतक्या लांब आलो, तर इथे येऊन आलं.

त्या भिंतीला मी लायक होतो का? मीच सांगतो. लाजायचं कारण नाही.

शाळेत सरांनी मला कॅचर केलं. कॅचर म्हणजे बॅट्समनच्या पाठीशी, होम प्लेटच्या मागे उकिडवा बसणारा, तोंडावर जाळीचा मास्क घातलेला. धावपटू होमवर पोहोचला की धाव. त्याला अडवायचं काम माझं. मंडळाने संघ काढला तेव्हा हा खेळ येणारा मी एकटाच होतो. रत्नागिरीचा खलील ट्रेलर चालवतो, त्याला मी चेंडू टाकायला शिकवलं. बाकी सगळे इंजिनियर आणि मॅनेजर. त्यांना शिकवायला गेलो, तर त्यांना सगळं आधीच येत होतं.

उम्म सलालच्या मैदानावर पहिल्याच सामन्यात कॅप्टन बॅट घेऊनच धावला. क्रिकेटसारखा. बेसवर बॅट टेकवली आणि ऐटीत अंपायरकडे बघितलं. समोरची फिलिपिनो पोरं हसून मैदानात लोळली.

“सर, बॅट टाकून पळायचं असतं.”

“अरे, मग आधी सांगायचं ना!”

सांगितलं होतं.

त्याच पोरांविरुद्ध पुढे फायनल झाली. त्यांचा शेवटचा धावपटू होमकडे सुटला. कॅप्टनची फेक माझ्या डोक्यावरून चालली होती. उडी मारून धरली. खाली येतोय तोच धावपटू छातीवर आदळला. अंगठा निखळला. चेंडू सुटला नाही. धावपटू बाद. कप आमचा झाला.

त्या क्षणाचा फोटो भिंतीवर आहे. मास्कमधला माणूस मी. खाली नाव कॅप्टनचं आणि दोन शब्द, ‘अचूक फेक’.

जेवणाच्या वेळी सेक्रेटरींना विचारलं, “साहेब, भिंतीवर माझं नाव?”

“लायक तूच आहेस रे. पण तू पडलास बॅचलर. भिंत फॅमिली मेंबरांची, कमिटीचा नियम आहे. तुला स्टेजवर घेतलंच की! श्रीखंड घे. खलास.”

दोन लेकरांचा बाप मी. पण कतारमध्ये ज्याची बायको गावाकडे, तो बॅचलर. इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पमध्ये झोपणारा. कंपनीच्या स्टोअरमध्ये मी बी.कॉम. आहे, मंडळात बॅचलर.

मी “थँक्यू साहेब” म्हणालो आणि श्रीखंड घेतलं. मी दोह्यात नवा होतो तेव्हा या लोकांनी दिवाळीला फराळाचा डबा दिला होता. तो मी विसरलो नव्हतो. तेही विसरले नव्हते. उपकार माझ्या आठवणीत होता आणि त्यांच्या हातात त्याचा दोर होता.

परतताना गाडीत खलील म्हणाला, “काय रे वाढप्या! चेंडू सोडत नाहीस, ताट कसं सोडशील!”

मला ते लागलं. पण खरं लागलं ते दुसऱ्या दिवशी. सकाळी आबांचा फोन आला.

“चांगलं धरलं होतंस. नारळ जरासुद्धा हलला नाही.”

टोमणा नव्हता. आबांना टोमणे येतच नाहीत. त्यांना खरंच वाटलं होतं, परदेशात पोराला मानाचं काम मिळालं. एवढ्या वर्षांत त्यांना मानाची जागा म्हणून तेवढीच दाखवली होती. फोन ठेवला आणि ठरवलं.

नवा सीझन सुरू झाला. शुक्रवारची सकाळ, उम्म सलालचं तेच मैदान. मी मास्क चढवला होता. कॅप्टन लांबूनच ओरडला.

“यल्ला, चल कॅचर! गुड न्यूज आहे. यंदा जिंकलो तर तुझंही नाव लावू. स्पेशल केस. भिंतीच्या खाली एक छोटी पाटी, ‘बॅचलर विभाग’. इन्शाल्ला!”

मास्क मंडळाचा होता. मी तो काढला आणि त्याच्या दोन्ही हातांत ठेवला. वर ग्लोव्ह ठेवला.

“हे काय?”

“सरळ धरा.”

मी निघालो. मागून खलील निघाला. त्याच्या मागून, मैदानाच्या कडेला उभ्या सेक्रेटरींचा आवाज आला, “अरे, एवढं केलं याच्यासाठी!”

काय केलं? श्रीखंड दिलं.

आता आमच्या कॅम्पचा संघ आहे. एशियन टाउनच्या मागच्या मोकळ्या जागेत खेळतो. सगळे बॅचलर, बहुतेक सगळे लेकरांचे बाप. सत्कार ठेवत नाही. भिंत नाही. ती मंडळाने ठेवावी, दरवर्षी रंगवावी, वर एकमेकांची नावं लिहावीत. माझं नाव आता तिथे मागूनही मिळणार नाही.

येत्या शुक्रवारी मंडळाशी सामना आहे. आबांना सांगितलंय, पुन्हा बघा. कॅप्टन होमकडे धावत येईल, बहुधा बॅट हातात घेऊनच. प्लेटवर मी असेन. मी हलणार नाही.