घास कुणाच्या हातचा

शेंद्र्याच्या अंगणवाडीत आधी करुणाताई साळवेंचा आवाज पोचतो, ताई मागून येतात. लग्न होऊन त्या गावात आल्या, तेव्हा सासरे म्हणाले होते, सून शिकलेली आहे, तिला चुलीपाशी कशाला कोंडायचं? तो शब्द धरून ताई सेविका झाल्या. तेव्हा ज्यांची नाकं पुसली ती पोरं आता कंपनीच्या बसमधून उतरताना कुणी ‘जय भीम ताई’ म्हणतं, कुणी ‘रामराम ताई’. ताईंना याचा गर्व आहे. थोडा जास्तच आहे, पण त्यांना तो शोभतो.

वैताग होता तो फक्त सरकारी मोबाइलचा. सकाळी पोरांचा फोटो, दुपारी खिचडीचा फोटो वर पाठवायचा, आणि नेट गेलं की पायरीवर उभं राहून हात वर करून रेंज शोधायची. पोरंही इतकी तयार झाली होती की पहिला घास तोंडाशी धरून फोटो निघेपर्यंत थांबायची.

त्यात बन्सी आला. त्याची आई तनुजा सोयगावकडची. नवराबायको दोघंही कंपनीत, पाळ्या उलटसुलट. रात्रपाळी करून आलेल्या तनुजाला दिवसा झोप हवी असायची आणि जाग्या पोराला कुणीतरी सोबत. ती सोबत मोबाइलनं केली, घासही मोबाइल बघतच जायचा. तिला नावं ठेवायला कुणाची जीभ रेटणार? हात दोन आणि कामं सतरा.

अंगणवाडीत मात्र बन्सी घासाला तोंड उघडेना. गोड बोलून झालं, रागावून झालं. पोराच्या बरगड्या दिसायला लागल्या, तशा ताई घाबरल्या. एका दुपारी त्यांनी हातातल्या त्याच मोबाइलवर सशांचं कार्टून लावलं आणि डब्याला टेकवून त्याच्यापुढं ठेवलं. बन्सीनं आ केला. बघता बघता ताटली साफ! मग रोजचंच झालं. वजन वाढलं, तनुजा खूश, आणि ताई गल्लीभर सांगत सुटल्या, “बन्सी माझ्याच हातचं खातोय बरं का.”

एकदा भरवता भरवता दाराशी गॅसवाला आला, म्हणून ताई उठल्या. मदतनीस गोजरबाई त्यांच्या जागी बसून भरवू लागल्या. ताई परत आल्या आणि दारातच थांबल्या. गोजरबाईंचे जाडे हात, कोपरापर्यंत बांगड्या, घासही केवढा मोठा. बन्सीचे डोळे सशांवर. तोंड उघडत होतं, मिटत होतं. हात बदललाय हे पोराच्या गावीही नव्हतं.

ताई दारातूनच म्हणाल्या,

“मावशी, हे लेकरू माझ्या हातचं कधी खातच नव्हतं.”

“पोटात जातंय ना ताई? मग झालं की.”

“पोटात जातंय. पण कोण भरवतंय ते त्याला ठावं नाय.”

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या वेळी मोबाइल कपाटात. बन्सीनं आकांत मांडला. रडून रडून तो भिंतीकडे तोंड करून झोपून जायचा आणि तसाच घरी जायचा. तनुजा तावातावानं आली. “लेकरू उपाशी येतंय घरी. तुमच्या हट्टापायी त्याचे हाल कामून करता?” ताईंच्याही मनात आलं, आपलंच चुकत असेल तर? घरी त्यांच्याही घशाखाली घास उतरेना.

शेवटी एक दिवस दमून, भुकेजून, त्यांनी स्वतःलाच ताटली वाढून घेतली आणि बन्सीसमोर खाली बसल्या. इतक्या वर्षांत त्या पोरांबरोबर कधी जेवल्याच नव्हत्या! बन्सीला भरवणं सोडलं तर कायम उभ्या. वाढताना उभ्या, ओरडताना उभ्या, फोटो काढताना उभ्या. आज त्या मुकाट्यानं जेवत होत्या, बन्सीला ‘खा’ असंसुद्धा म्हणाल्या नाहीत.

बन्सी बघत राहिला. ताईंच्या हनुवटीला भाताचं शीत चिकटलं होतं. तो सरकत सरकत जवळ आला, बोटानं ते शीत काढलं आणि ताईंच्याच तोंडात घातलं.

“सांडलं,” तो म्हणाला.

“आता तू,” म्हणून ताईंनी घास पुढं केला. त्यांच्याकडे टक लावून बघत त्यानं तो खाल्ला. ताटली काही संपली नाही, चारपाच घासच गेले. पण त्या चारपाच घासांनी ताईंना जे सुख दिलं, ते आधीच्या सगळ्या साफ ताटल्यांनी दिलं नव्हतं.

तेव्हापासून ताई पोरांच्या पंगतीतच बसतात. फोटो गोजरबाई काढतात, आणि त्यात निम्म्या पोरांना डोकी नसतात.

पण ताईंना एवढ्यावर थांबायचं नव्हतं. एका दुपारी त्यांनी तनुजाला बोलावून घेतलं. ती झोपेतून उठून, विस्कटलेल्या वेणीनं आली. ताईंनी तिच्या हातात ताटली दिली.

“आज तू भरव.”

सवयीनं तनुजाचा हात स्वतःच्या मोबाइलकडे गेला. ताईंनी नकारार्थी मान हलवली.

“मग नाय खायचं ते माझ्या हातचं.” तनुजाचा आवाज बारीक झाला. “ताई, ते माझ्याकडं बघतच नाय. घरात पाय ठेवला की मोबाइलसाठी हात पुढं. मी आई हाय का चार्जर, तेच कळंना मला.”

ताईंनी बाजूला सरकून तिला जागा करून दिली.

तनुजानं घास केला. त्याच्या तोंडाशी धरला. बन्सीनं तोंड उघडलं नाही. तो उठून उभा राहिला, आईचे दोन्ही गाल तळव्यांत धरले आणि नीट निरखून बघितलं.

“आई, तुझे डोळे लाल.”

“व्हय रे राजा,” तनुजा म्हणाली. “झोप नाय झाली.”

“मग झोप ना,” बन्सी म्हणाला. तो फतकल मारून बसला आणि, घास तसाच तिच्या हातात असताना, आईचं डोकं त्यानं आपल्या एवढ्याशा मांडीवर ओढून घेतलं.