प्रस्तावनेतला स्वयंपाक

बायकोच्या पहिल्यावहिल्या कवितासंग्रहाला मी प्रस्तावना लिहिली, आणि तिच्यात तिच्या स्वयंपाकाची स्तुती केली.

इंग्लंडातल्या आमच्या ब्रॅकनेल गावचा नोव्हेंबर तेव्हा खिडकीशी येऊन बसला होता. दुपारी चारलाच मावळणारा, भिजून काळवंडलेल्या पानांचा कुजकट गंध घरभर पसरवणारा, हीटिंग लावूनही हाडांतून न हलणारा. अशा करड्या उजेडात आपण फार सखोल आहोत असं माणसाला वाटू लागतं. मलाही वाटलं. एरवी मी सॉफ्टवेअर विकणारा माणूस. पण त्या संध्याकाळी 'चिरंतन वेदनेचा अंतःप्रवाह' वगैरे लिहून गेलो आणि मग, हात सैल सुटल्यावर, ते लाडकं वाक्य उतरलं: 'हॉस्पिटलची नोकरी आणि घरसंसार सांभाळून तिने ही कविता लिहिली. एकही पोळी करपली नाही, घरात कुणाला पत्ताही लागला नाही.' त्या वाक्यावर मी इतका खूश झालो की स्वतःसाठी चहा ठेवला आणि तो उतू घालवला.

कविता वैदेहीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, आईवरच्या होत्या. सासूबाई नागपूरला वारल्या तेव्हा वैदेही इथे ड्युटीवर होती. रजा आणि विमान जुळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आईची शेवटची यात्रा तिने हॉस्पिटलच्या चेंजिंग रूममध्ये, उभ्यानेच, फोनच्या तळहाताएवढ्या काचेवर पाहिली. पुढे ती लिहीत राहिली. आता पुस्तक पुण्याला छापायला जायचं होतं. अडलं होतं ते माझ्या प्रस्तावनेसाठी.

ती आधी वाचली सईने. सई आमची मुलगी, कॉव्हेंट्रीला साहित्य शिकते. तिच्या मराठीत खुर्ची पुरुष आणि दिवा बाई असतो.

"बाबा, ही सेम वाक्य माझ्या एसेमध्ये आहे," ती म्हणाली.

मी सुखावलो.

"नाही, बाबा. चांगल्या अर्थाने नाही."

तिचा निबंध होता अमेरिकेतल्या वसाहतकाळच्या कवयित्रींवर. कोण होत्या त्या? इंग्लंडचा किनारा मागे टाकून, समुद्र ओलांडून, अरण्याच्या काठावरल्या लाकडी घरांत संसार मांडायला गेलेल्या बायका. बाहेर हिमाचं निर्दय साम्राज्य, आत चुलीपाशी लेकरांचा खोकला. एक पाळणा हलता, दुसरा कायमचा थांबलेला. त्या थांबलेल्या पाळण्यांवर, जळून गेलेल्या घरांवर त्यांनी लिहिलं. आणि ते लिहिलेलं लंडनला छापलं गेलं तेव्हा पुस्तकाच्या दारात कोण उभं होतं? पुरुष. कविता तिचीच आहे आणि ती घरकामातून नव्हे, झोपेतून वाचवलेल्या वेळात लिहिली आहे, असा दाखला देणारे. गुलाम म्हणून आणलेल्या एका मुलीच्या पुस्तकात तर गावातल्या वजनदार गृहस्थांनी ओळीने आपली नावं घातली होती: होय, हिनेच लिहिलं. हेतू वाईट होता का त्यांचा? सगळ्यांचा नसावा. काहींचं प्रेमच असेल. पण दुःखाला उंबऱ्यावर थांबवून आधी त्याची चालचलणूक तपासणारं प्रेम. आणि इतक्या शतकांनंतर, सेंट्रल हीटिंगच्या उबेत बसून, मीही तोच शिक्का उमटवला होता. फक्त माझ्याकडे पोळी होती.

वैदेहीने वाचलं तेव्हा ती चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"पत्ता लागला नाही, हे मात्र खरंय," ती म्हणाली. "मी कुठे लिहायचे माहितीये? कारपार्कमध्ये. घरी निघायच्या आधी, गाडीतच."

तिच्या उशिरा येण्याच्या संध्याकाळी मला आठवल्या. 'ट्रॅफिक होतं वाटतं?' मी विचारायचो. ती 'हो' म्हणायची आणि कोट काढून कणीक मळायला घ्यायची. ओल्या काचांच्या आत, अंधारात, एक बाई आपल्या आईला एकटीने निरोप देत बसायची, आणि मी घरी भूक लागली म्हणून चिवड्याचा डबा शोधत असायचो.

"राहू दे ते पुस्तक," ती म्हणाली. "नाही छापायचं मला."

मग मात्र मी घाबरलो. माझ्या एका पोळीखाली तिच्या आईवरची सगळी कविता गाडली जाणार होती. आठवडाभर खपून मी नवी प्रस्तावना लिहिली. तिच्यात समुद्र होता, त्या दूरच्या कवयित्री होत्या, कारपार्क होता, माझा आंधळेपणा होता, पश्चात्ताप तर पानापानावर होता. रविवारी तिला वाचून दाखवताना माझाच आवाज भरून आला. ती खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"उद्या पाठवते मी पुस्तक," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. "प्रस्तावनेशिवाय."

"का? यात कुठे आहे पोळी?"

"पोळी नाहीये," वैदेही म्हणाली. "पण माझी आई गेली, आणि यातही रडतोयस तूच."