मास्तरांचा चहा

शिंपीमास्तर दुकानात कधी सिगारेट ओढत नसत. कोऱ्या कापडाला धुराचा वास लागला की गिऱ्हाईक तुटलंच म्हणायचं. म्हणून गळ्यातली टेप तशीच ठेवून ते उठत, "जरा चहाला जाऊन येतो," म्हणत आणि कोपऱ्यावरची टपरी गाठत. चहा घेतही; एका हातात. घरीही तोच शब्द रुळला. जेवण झालं, चला चहाला. भांडण झालं, चला चहाला. बायकोनं वासाचं विचारलं, तर "तिथं चार टवाळ ओढत असतात, मी काय करू?"

मग खोकला मागे लागला. बायकोनं फोनवर कुठंतरी वाचलं की जास्त चहानं फुप्फुसाचा कॅन्सर होतो. चहा बंद! दोन दिवसांनी मेहुणी म्हणाली, उलट चहानं धोका कमी होतो म्हणे. चहा सुरू. पुढं आणखी काही वाचलं, त्यात नक्की सांगता येत नाही, असं.

"अहो, प्यायचा की नाही, एकदाचं ठरवा!"

"तूच काय ते ठरव बाई."

मास्तरांच्या डोक्यात नुसता गुंता. चहा आणि सिगारेट, जसं कापड आणि अस्तर एकत्र शिवलेलं. टोचतंय नेमकं कोणतं?

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला. "इथं डाग दिसतोय. तपासावा लागेल. सिगारेट?"

"छे हो!" बायको म्हणाली. "नाद एकच, चहाचा. सारखे जातात."

माप देताना पोट आत ओढणारी गिऱ्हाइकं मास्तरांनी जन्मभर पाहिली होती. त्यांचे कोट कधी धड बसले नाहीत.

"डॉक्टर," ते खाली बघत म्हणाले, "तो चहा... ओढायचा असतो."

"चहा ओढतात?" बायकोला कळेना. मग कळलं.

परतताना ती कोपऱ्यावर थांबली.

"चहा घेणार?"

"कोणता?" मास्तर गोंधळून म्हणाले.

"प्यायचा!" तिनं हात पुढं केला. मास्तरांनी खिशातलं सिगारेटचं पाकीट मुकाट्यानं तिच्या हातावर ठेवलं.

दोन कप आले. एका हातात कप धरून मास्तर उभे राहिले. दुसऱ्या हाताचं काय करायचं, ते काही त्यांना सुचेना.