आपल्यासारखं म्हणायचं नाही

रश्मीचा फोन आला तेव्हा मी भाईंदर पश्चिमेच्या बाजारात लिंबं निवडत होतो. रश्मी ही माझी भाची, मंदाताईची मुलगी. "मामा, आई गेली," एवढंच म्हणाली. मी "हो" म्हणालो आणि चालायला लागलो. रिक्षा करायचंही सुचलं नाही. लिंबं ताईनेच आणायला सांगितली होती, शनिवारच्या पदार्थासाठी... तिच्या दारात पोचलो तेव्हा पिशवी हातातच होती. समोरच्या जिग्नाबेननी ती काढून घेतली.

ताई तीस वर्षं बालवाडीची बाई होती. भाईंदरातल्या दोन पिढ्यांनी तिच्यासमोर अ आ इ गिरवलं. निवृत्त झाली तेव्हा वर्गातला अक्षरांचा जुना तक्ता तिने मागून घेतला आणि स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी टांगला. भाओजी असताना दोघांनी हौसेने पासपोर्ट काढले होते. आधी तिच्या सासूबाईंचं आजारपण, मग भाओजींचं जाणं. पासपोर्टवर एकही शिक्का उमटला नाही. एके दिवशी ती मला म्हणाली, "जग बघायचं राहिलं दिनू, निदान चाखू तरी." मग दर शनिवारी दुपारी तक्त्यातलं एक अक्षर आणि त्या अक्षराचा परदेशातला एक पदार्थ. करायच्या आधी नाव अक्षराखाली पेन्सिलने लिहायचं, आणि सगळ्यांनी खाल्लं की तिने ते पेनाने गिरवायचं. ज्या अक्षरांवर काही सापडलं नाही, त्यांना तिने सुट्टी दिली. अ चा अरेपा झाला, मक्याच्या पिठाचा. क ला रव्याच्या दाण्यांचा कुसकुस, ख ला जॉर्जियाची चीज भरलेली खाचापुरी. जिग्नाबेन दारातूनच विचारायच्या, "मंदाबेन, इसमें अंडा तो नहीं ना?" आणि नसलं की आत यायच्या.

नियम एकच होता, आणि तो माझ्यामुळे झाला. इ ला तिने इथिओपियाचा इंजेरा केला. तिकडचं धान्य आपल्याकडे कुठलं मिळायला, म्हणून नाचणीचं पीठ दोन दिवस आंबवलं. मी पहिला घास घेतला आणि म्हणालो, "ताई, ही तर आपली आंबोळी." आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, आमची जीभ कुठेही गेली तरी संध्याकाळी घरी परत येते. ताई मात्र रागावली. "परक्याच्या घरी जेवायला बसल्यावर आपल्या घरचं कौतुक सांगतोस का? आजपासून आपल्यासारखं म्हणायचं नाही. जो म्हणेल तो सगळी भांडी घासेल." त्या शनिवारी मी घासली. पुढेही बऱ्याचदा मीच घासली, सवयीला औषध नसतं.

ल यायच्या सुमारास ताईच्या आजाराचं निदान झालं आणि औषधांनी तिच्या तोंडाची चव गेली. तरी शनिवार तिने सोडला नाही. स्टुलावर बसून रश्मीला सांगत तिने लक्सा करवून घेतला, मलेशियाकडचा. त्यासाठी कोलंबी उत्तनच्या कोळणीकडून मुद्दाम मागवली होती. पहिला चमचा गिळून तिने वाटी खाली ठेवली. "पाण्यासारखं लागतंय रे."

"छान झालंय ताई," मी म्हणालो.

"छान मला कळत नाही. आपल्या कशासारखं आहे, ते सांग."

"अगं, पण नियम..."

"नियम माझा आहे. सांग तू."

मी सांगितलं. आईचं कोलंबीचं कालवण, नारळाच्या दाट रसातलं, त्यात शेवया पडल्यात आणि कोकमाऐवजी लिंबू. ताईने डोळे मिटले, पुन्हा एक चमचा घेतला आणि बराच वेळ तो तोंडात ठेवला. "हं," म्हणाली, "आता लागलं."

तेव्हापासून मी तिच्यासाठी चव घ्यायचो. शक्शुका म्हणजे टोमॅटोच्या रश्शात फोडून सोडलेली अंडी, असं सांगितलं. स च्या सुशीला माझी पंचाईत झाली. "दही न घालताच आंबट झालेला दहीभात," असं म्हणालो तर ताई खोकला येईपर्यंत हसली. पण त्या दिवशी तिने दोनच घास खाल्ले. वाटी धरताना तिचं मनगट दिसलं. मी मान खाली घालून चव सांगत राहिलो.

मग ह आला. तक्त्यातलं शेवटचं जमणारं अक्षर. शुक्रवारी तिने हुमससाठी काबुली चणे भिजत घातले. शनिवारी सकाळी मी फोन केला, "ताई, गुडघा धरलाय. पुढच्या शनिवारी करूया." गुडघ्याला काही झालं नव्हतं. तिच्यासमोर बसून तिच्या वाटणीची चव घेणं मला झेपेनासं झालं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ती म्हणाली, "बरं. चण्यांची उसळ करते रश्मी. पुढच्या वेळी लिंबं तू आण." बुधवारी ती गेली.

तेराव्यानंतर काही दिवसांनी रश्मीचा फोन आला. "मामा, शनिवारी येतोयस ना? चणे भिजत घालतेय." गेलो. ह च्या खाली पेन्सिलीतलं 'हुमस' होतं, अक्षर थोडं थरथरलेलं. रश्मीने चणे वाटले, लिंबू मी पिळलं. जिग्नाबेन अंड्याचं न विचारताच आत येऊन बसल्या. रश्मीने ताईच्या जागेवर नेहमीची वाटी भरून ठेवली. मी पहिला घास घेतला आणि त्या वाटीकडे बघत, ताईला सांगायचो तसं सावकाश सांगितलं, "आईचं शिळं पिठलं आठव ताई. सकाळी भाकरीशी खायचो ते, गार. त्यात तीळ वाटून घातलेत, आणि लसूण."

पेन तक्त्याच्या खिळ्याला दोरीने बांधलेलं आहे, पण ते हातात घ्यायचं कुणाच्याच मनात आलं नाही. ह अजून पेन्सिलीतच आहे.

थोड्या वेळाने रश्मी डोळे पुसून म्हणाली, "मामा, भांडी."

मी उठलो आणि बाह्या वर केल्या.